जुने घर पाडून नवे बांधताना खर्चाचा अंदाज कसा काढायचा

"पंधराशे फूट बांधायचंय, ठेकेदारानं एकोणीसशेचा दर सांगितलाय, म्हणजे साडेअठ्ठावीस लाख." गावाकडचे जुने घर पाडून नवे बांधायला निघालेल्या बहुतेक कुटुंबांचे बजेट एवढ्या एका गुणाकारावर उभे असते. गुणाकार चुकलेला नसतो. त्या दरात काय काय धरलेले नाही, हे मात्र कोणी विचारलेले नसते. मग गिलावा होता होता पैसे संपतात, आणि खिडक्यांना ताडपत्री लावून घरात राहायला जावे लागते.

रिकाम्या प्लॉटवर बांधणे वेगळे आणि जुने पाडून त्याच जागी बांधणे वेगळे. इथे पाडकाम आहे, शेजाऱ्याची भिंत आहे, वर्ष-सव्वा वर्षाचे घरभाडे आहे आणि जुन्या जमिनीच्या पोटात काय निघेल याची खात्री नाही. खाली जे लिहिले आहे ते महाराष्ट्रातल्या गावठाणात किंवा तालुक्याच्या गावी असलेले दगड-मातीचे, कौलारू किंवा माळवदाचे घर डोळ्यांसमोर ठेवून. उदाहरणातले दर हिशेब समजावा म्हणून धरले आहेत. तुमच्या गावचे दर विचारून तिथे भरा.

एक गोष्ट सुरुवातीलाच: पहिले पाच टप्पे पुरे झाल्याशिवाय कौलाला हात लावू नका. घर उभे आहे तोवर प्रत्येक निर्णय बदलता येतो. पाडल्यावर भाडे सुरू होते, घाई सुरू होते, आणि घाईत ठरलेला दर नेहमी जास्त असतो.

टप्पा 1 : जागा कोणाची आणि नेमकी किती

ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उतारा म्हणजे मालकीचा पुरावा, असे अनेक जण धरून चालतात. तो कर आकारणीचा कागद आहे. सिटी सर्व्हे झालेल्या गावात मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढा. जिथे स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी झाली आहे, तिथेही आता गावठाणातल्या घरांच्या मिळकत पत्रिका तयार झाल्या आहेत. त्यावर कोणाकोणाची नावे आहेत आणि क्षेत्र किती लिहिले आहे, ते वाचा.

घर आजोबांच्या नावावर असेल तर आधी वारस नोंद. भाऊ-बहिणींचे हक्क असतील तर वाटणीपत्र किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र. "आमच्यात काही वाद नाही" हे खरेही असेल, पण बँक ते ऐकत नाही, आणि नवे घर उभे राहिल्यावर त्याच जागेची किंमत सगळ्यांच्या नजरेत वाढते. बहिणीशी बोलायचे तर ते घर पाडण्याआधी बोला. मोकळेपणाने, कागदावर.

मग भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी. जुन्या भिंती दोन-दोन फूट जाडीच्या असतात आणि हद्द भिंतीच्या आत, बाहेर की मधोमध, हे भिंत उभी असतानाच ठरवून घ्यावे लागते. भिंत गेली की खूणही गेली.

तपासा : मिळकत पत्रिकेवरचे क्षेत्र आणि टेपने मोजलेले क्षेत्र जुळते का? जुळत नसेल तर नकाशा काढायला देऊ नका. नकाशा कागदावरच्या क्षेत्रावर मंजूर होतो.

टप्पा 2 : जमिनीच्या पोटात काय आहे

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात, आणि पायाच्या वेळी बजेट पहिल्यांदा इथेच फाटते.

अंगणात किंवा परसात, समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत, पाच-सहा फूट खोल चाचणी खड्डे घ्या. दिवसभराची मजुरी लागते, तेवढीच. मुरूम किती फुटांवर लागतो ते बघा आणि इंजिनिअरला तिथे बोलावून दाखवा. काळी माती असेल तर ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पाया तिच्या खाली न्यावा लागतो.

गावठाणाच्या पांढरीत वेगळीच अडचण असते. पिढ्यान्‌पिढ्या वस्ती झालेली, राख, शेणमाती, पडक्या भिंतींची भर यांनी वर आलेली ही जमीन भुसभुशीत असते. जुन्या घरांत धान्य साठवायची पेवे, म्हणजे जमिनीतले खड्डे असत, वाड्यांत आड असत, आणि त्यातली कित्येक नुसती माती ढकलून बुजवलेली आहेत. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारा. "इथं माजघराच्या कोपऱ्यात पेव होतं" हे एक वाक्य पाया खोदायच्या आधी कळले तर कॉलमची जागा हलवता येते. खोदाई चालू असताना कळले, तर जेसीबी उभा, गवंडी उभे आणि नवीन डिझाइनची वाट बघणे.

टप्पा 3 : किती बांधायचे

आधी आपल्याकडे एकूण किती पैसे उभे राहू शकतात ते लिहा. मग त्यावरून क्षेत्र काढा. उलटे करू नका.

शंभर चौरस फूट कमी केले की 1,900 च्या दराने 1,90,000 रुपये वाचतात. टाइल्स, नळ, रंग यांत घासाघीस करून एवढे वाचत नाही. वर्षातून दोनदा येणाऱ्या पाहुण्यांसाठी वेगळी बेडरूम हवी का, हा प्रश्न म्हणून बजेटचा आहे. पुढे मजला चढवायचा विचार असेल तर पाया आणि कॉलम त्या हिशेबाने आत्ताच करावे लागतात. तेवढा जादा खर्च आज करा, खोल्या नंतर.

वास्तू बघायची असेल तर ती नकाशा अंतिम करण्याआधी बघा. जोत्यापर्यंत काम आल्यावर कोणीतरी येऊन स्वयंपाकघराची दिशा बदलायला सांगतो आणि ड्रेनेज, पाण्याची लाइन, ओट्याची भिंत सगळे पुन्हा होते. घरातल्या ज्यांना ज्यांना मत आहे, त्या सगळ्यांना नकाशाच्या कागदासमोर बसवा. चुन्याने अंगणात खोल्यांच्या मापाच्या रेघा मारून उभे राहून बघितले तर आणखी बरे. दहा बाय दहाची खोली कागदावर मोठी वाटते.

आणि जोत्याची उंची याच वेळी ठरवा. गावातला रस्ता दर डांबरीकरणाला थोडा थोडा वर येतो, म्हणून जोते रस्त्यापासून दोन-अडीच फूट वर धरतात. 900 चौरस फुटांच्या तळाला अडीच फूट भर म्हणजे 2,250 घनफूट. ब्रास 100 घनफुटांचा, म्हणजे साडेबावीस ब्रास, आणि पाणी मारून ठोकल्यावर मुरूम खाली बसतो म्हणून त्याहून जास्त. ठेकेदाराच्या दरात जोत्याची किती उंची धरली आहे, हे विचारल्याशिवाय कळत नाही.

टप्पा 4 : बजेटचा कागद

उदाहरण घेऊ. खाली 900, वर 600, एकूण 1,500 चौरस फूट. मटेरियलसह ठेक्याचा दर 1,900. प्रत्येक बाब वेगळ्या ओळीवर लिहायची, किरकोळ वाटली तरी.

1. मोजणी, कागदपत्रे, आर्किटेक्ट व स्ट्रक्चरल इंजिनिअरची फी, परवानगी शुल्क, कामगार उपकर : 1,20,000
2. पाडकाम आणि राडारोडा उचलणे : 90,000
3. शेजारच्या उघड्या पडणाऱ्या भिंतींचे काम : 60,000
4. घरभाडे 14 महिने, महिना 7,000 : 98,000
5. सामानाची हलवाहलव, जाताना आणि येताना : 24,000
6. ठेका, 1,500 × 1,900 : 28,50,000
7. पाया जादा खोल गेल्यास व जोत्याची जादा भर : 1,50,000
8. जमिनीखालची पाण्याची टाकी, सेप्टिक टँक, ड्रेनेज : 1,60,000
9. कंपाउंड भिंत, गेट, अंगणातली फरशी : 1,80,000
10. किचन ट्रॉली, कपाटे, पंखे-दिवे, गिझर : 2,50,000
11. वीज व नळजोडणी, बांधकामाचे पाणी : 60,000

बेरीज 40,42,000. त्यावर 10 टक्के राखीव, 4,04,200. एकूण 44,46,200 रुपये.

साडेअठ्ठावीस लाखांचे घर साडेचव्वेचाळीस लाखांवर गेले, आणि यात चैनीची एकही ओळ नाही. ज्यांचे बजेट कोलमडते त्यांनी सहाव्या ओळीलाच बजेट समजलेले असते.

काही ओळींबद्दल थोडे खुलाशाने.

कामगार उपकर हा बांधकाम खर्चाच्या 1 टक्का असतो. स्वतःच्या राहत्या घराचा बांधकाम खर्च 10 लाखांपर्यंत असेल तर पूर्वी तो लागत नसे; नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहितेत ही मर्यादा 50 लाख झाली आहे. तुमच्या घराला तो लागतो का ते विचारून घ्या; लागला तर तो परवानगीच्या वेळीच भरून घेतात, म्हणून पहिल्या ओळीत लिहिला आहे.

जीएसटीचे आधी बोलून घ्या. स्वतंत्र एका घराच्या निव्वळ मजुरीच्या ठेक्याला जीएसटी माफ आहे. मटेरियलसह काम घेणारा नोंदणीकृत ठेकेदार मात्र 18 टक्के लावतो. दर "कर धरून" की "कर वेगळा", हे कोटेशनवर लिहून घ्या. साडेअठ्ठावीस लाखांवर 18 टक्के म्हणजे 5,13,000 रुपये होतात. कोटेशन जुने असेल तर तारीखही बघा. सिमेंटवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 28 वरून 18 टक्क्यांवर आला आहे, तो फरक दरात उतरला आहे का विचारा.

राखीव रकमेला हात कधी लावायचा, हे घरात आधी ठरवा. जमिनीत काही निघाले, लोखंडाचा भाव वाढला, काम पावसात अडकले, याच कारणांसाठी. टाइल्स जरा बऱ्या घेऊ म्हणून ती रक्कम फोडायची नाही.

सावधान : जुन्या घराच्या लाकडाचे, दगडांचे पैसे येतील म्हणून ते बजेटमधून वजा करू नका. आले की राखीव खात्यात टाका. तुळई खालून चांगली दिसते आणि काढल्यावर भिंतीत रुतलेले टोक वाळवीने खाल्लेले निघते.

टप्पा 5 : पैसे केव्हा लागतील, आणि ठेका

एकूण रक्कम जमली म्हणजे काम झाले असे नाही. ती वेळेवर हातात हवी.

रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे 30 लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक मालमत्तेच्या किमतीच्या जास्तीत जास्त 90 टक्के आणि 30 ते 75 लाखांच्या कर्जात 80 टक्के देऊ शकते. प्रत्यक्षात उत्पन्न आणि कागदपत्रे बघून ती कमीच देते. कर्ज एकदम मिळत नाही. काम जसे पुढे सरकते तसे हप्ते सुटतात, तेही बँकेचा माणूस येऊन बघून गेल्यावर. घरभाडे, पाडकाम, शेजाऱ्याची भिंत, फर्निचर यांचा भार बहुधा तुमच्याच खिशावर येतो.

वरच्या उदाहरणात जोत्यापर्यंत जायला कागदपत्रे 1,20,000, पाडकाम 90,000, शेजारची भिंत 60,000, भाडे-अनामत-हलवाहलव 50,000, पाया जादा 1,50,000 आणि ठेक्याच्या 15 टक्के म्हणजे 4,27,500 लागतात. बेरीज नऊ लाखांच्या आसपास. एवढी रक्कम बँकेच्या पहिल्या हप्त्याआधी हातात असली पाहिजे. फिक्स्ड डिपॉझिट मोडायचे असेल, सोने तारण ठेवायचे असेल, भिशी लागायची असेल, तर त्याच्या तारखा या कागदावर मांडा. उसाच्या बिलावर मदार असेल तर ते बिल लांबू शकते, हेही धरा.

सावधान : प्रधानमंत्री आवास योजनेतून घरकुलासाठी नाव आले असेल, तर जुन्या घराचे जिओ टॅगिंगचे (जागेच्या नोंदीसह काढलेले) फोटो होण्याआधी ते पाडू नका.

आता ठेका. तीन ठेकेदारांकडून दर घ्या, पण तिघांना एकच यादी द्या. नाहीतर एकाचा 1,750 आणि दुसऱ्याचा 2,000 यांची तुलनाच होत नाही. यादीत हे लिहा: सिमेंट कोणत्या कंपनीचे, सळई कोणत्या ग्रेडची, भिंत सहा इंची की चार इंची, विटा लाल की सिमेंटचे ब्लॉक, गिलावा आत-बाहेर किती थरांचा, फरशी किती रुपये फुटापर्यंतची, खोलीत विजेचे पॉइंट किती, नळ कोणत्या कंपनीचे, रंगाचे किती हात, गच्चीचे वॉटरप्रूफिंग आहे का.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे क्षेत्र कसे मोजणार. बहुतेक ठेकेदार स्लॅबचे क्षेत्र मोजतात. त्यात भिंतींची जाडी आली, बाल्कनी आली, पोर्च आला, जिन्यावरची हेडरूम आली. तुमच्या डोक्यात खोल्यांचे 1,500 असतात आणि बिल 1,720 वर निघते. 220 चौरस फूट म्हणजे 4,18,000 रुपये. नकाशावर रंगीत पेनाने काय मोजायचे, काय अर्धे मोजायचे, काय मोजायचे नाही, ते दाखवून दोघांच्या सह्या घ्या.

हप्ते कामाच्या मागे ठेवा, पुढे नाही. सुरुवातीची उचल पाच-सात टक्क्यांच्या वर नको. जोते, खालची स्लॅब, वरची स्लॅब, वीटकाम, गिलावा, फरशी, रंग असे टप्पे पाडा. शेवटचे 5 टक्के एक पावसाळा गेल्यावर द्यायचे, असे करारात घाला. चांगला ठेकेदार यावर भांडत नाही.

स्वतः मटेरियल आणून मजुरीवर काम करून घ्यायचे असेल तर पैसे थोडे वाचतात, पण रोज साइटवर कोणीतरी हवे. पुण्या-मुंबईत नोकरी करून, रविवारी येऊन हे जमत नाही.

तपासा : मंजूर नकाशा, परवानगीचा कागद, ठेक्याचा करार, बँकेचे मंजुरीपत्र आणि जोत्यापर्यंतचे पैसे, या पाचही गोष्टी हातात आहेत का? असतील तरच पुढे जा.

टप्पा 6 : पाडकाम

दिवाळीनंतर पाडायला घ्या. पाया थंडीत, स्लॅब उन्हाळ्यात आणि जूनच्या आत गच्ची, असा क्रम बसला तर काम सुटसुटीत होते. वीटभट्ट्या पावसाळ्यात बंद असतात, तेव्हा विटा फेब्रुवारी-मार्चमध्येच सांगून ठेवा. चैत्रात पाडायला घेतले की पाया पावसात उघडा राहतो, त्यात पाणी साठते आणि खोदलेल्या कडा ढासळतात.

पहिला दगड हलवण्याआधी शेजाऱ्याला बरोबर घेऊन त्याच्या घराचे फोटो काढा. आधीच्या भेगा, ओल, कौलांची स्थिती, सगळे तारखेसह. एका कागदावर दोघांच्या सह्या. हे त्याच्याही हिताचे आहे, आणि असे सांगितले की तो राजी होतो.

मग सामाईक भिंत नीट बघा. जुन्या घरांत शेजाऱ्याच्या तुळयांची टोके पुष्कळदा आपल्या बाजूच्या भिंतीत गेलेली असतात. गिलाव्याखाली ती दिसत नाहीत. माळ्यावर चढून, टॉर्च घेऊन, छताच्या रेषेने भिंतीवर ठोकत गेले की पोकळ आवाज येतो तिथे बहुधा टोक असते. तशी भिंत पाडली तर शेजाऱ्याचे छप्पर बसेल. अशा ठिकाणी भिंत ठेवून आपले कॉलम आत घ्यायचे, की आधी त्याच्या तुळयांना टेकू देऊन त्याच्या बाजूने आधार बांधायचा, हे इंजिनिअरने ठरवायचे. ठेकेदाराने किंवा जेसीबीवाल्याने नाही. उघडी पडलेली मातीची भिंत एका पावसात विरघळते. तिला लगेच गिलावा किंवा पत्रा हवा, त्यासाठीच बजेटमध्ये तिसरी ओळ आहे.

पाडायचा क्रम:

1. वीज मीटर महावितरणकडून रीतसर काढून किंवा हलवून घ्या. बांधकामाच्या काळात वीज कोणत्या जोडणीवर वापरायची, ते तिथेच लेखी विचारा. नळजोडणी बंद करा, गॅस सिलिंडर हलवा.
2. दारे, खिडक्या, चौकटी, गज, कपाटे काढा.
3. कौले हाताने उतरवा, न फुटलेली वेगळी रचा.
4. वासे, तुळया, खांब. हे पाडकामाच्या ठेकेदारावर सोडू नका, जुने लाकूड घेणाऱ्या दोघांना तिघांना उभे घरच दाखवा आणि भाव घ्या.
5. भिंती वरून खाली, थराथराने. जेसीबी शेवटी, आणि सामाईक भिंतीपासून लांब.

लाकूड घनफुटावर जाते. दहा फूट लांब, सहा इंच बाय सहा इंच तुळईचे अडीच घनफूट होतात. मोजताना स्वतः टेप धरा. सागवान बाहेरगावी जाणार असेल तर वाहतुकीच्या परवान्याचे वन विभागात विचारून घ्या. नव्या घराच्या देवघराला किंवा मुख्य दाराला वापरायचे लाकूड आधीच बाजूला काढून खुणा करा. एकदा ट्रॉलीत गेले की परत येत नाही.

घडीव दगड जपा, कंपाउंडला आणि पायऱ्यांना कामी येतात. पण पेंढा-शेणाची माती जोत्यात भरू नका. फुकटची भर म्हणून ठेकेदार ती सुचवतो. ती पुढे बसते आणि फरशी खचते. भरायला दगड आणि मुरूमच हवा.

काही ठिकाणी पाडकामवाला "सगळा माल माझा, पाडायचे पैसे नकोत" असा सौदा करतो. लाकूड सागाचे असेल तर असा सौदा बहुधा तुमच्या तोट्याचा असतो. राडारोडा उचलून जागा साफ करून देणे त्यात आहे का, हेही बघा. कित्येकदा लाकूड जाते आणि ढीग तुमच्या अंगणात राहतो.

टप्पा 7 : काम चालू असताना

स्लॅब पडली की पेढे वाटतात, आणि लोकांना वाटते झालेच. ढोबळमानाने निम्मा खर्च अजून पुढे असतो. गिलावा, फरशी, वायरिंग, प्लंबिंग, दारे-खिडक्या, रंग. म्हणून प्रत्येक टप्प्याला उरलेले पैसे आणि उरलेले काम समोरासमोर लिहा. वीटकाम संपताना एकूण बजेटच्या 40 टक्के रक्कम शिल्लक नसेल, तर तिथेच थांबून विचार करा. वरच्या मजल्याचे आतले काम पुढच्या वर्षावर ढकलता येते. गच्चीचे वॉटरप्रूफिंग आणि बाहेरचा गिलावा ढकलता येत नाही.

स्वतः माल घेणार असाल तर मोजून घ्या. वाळू किंवा क्रश सँड आली की ट्रॉलीची आतली लांबी, रुंदी आणि मालाची उंची मोजा. उंची फक्त मधल्या ढिगाची नाही, चारही कोपऱ्यांची. दहा बाय सहा फुटांच्या ट्रॉलीत सरासरी अडीच फूट माल असेल तर 150 घनफूट, म्हणजे दीड ब्रास. ओली वाळू फुगलेली असते, तेव्हा भिजलेल्या मालाचा भाव त्या बेताने करा. सळई काट्याच्या पावतीवर घ्या आणि नग मोजा. 12 मिलिमीटरची 12 मीटर लांब सळई साधारण 10.65 किलो भरते. शंभर नगांचे वजन 1,065 किलोच्या आसपास यायला हवे. फरक जास्त असेल तर तिथेच माल थांबवा. अंदाजासाठी एवढे लक्षात ठेवा: साध्या आरसीसी घराला चौरस फुटाला 0.4 पोत्याच्या आसपास सिमेंट आणि चार किलोच्या आसपास सळई लागते. 1,500 फुटांना 600 पोती आणि सहा टन. याच्या फार वर-खाली आकडा आला तर इंजिनिअरला विचारा. सिमेंट एकदम आणून ठेवू नका, जुने झाले की ताकद जाते.

पाणी मारण्यात काटकसर नको. साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान 7 दिवस, आणि बाजारात सर्रास मिळणाऱ्या पीपीसीला (राख मिसळलेल्या सिमेंटला) किमान 10 दिवस ते ओले राहिले पाहिजे. मे महिन्यात टँकर लागेल, तो अकराव्या ओळीत धरलेला आहे. स्लॅबचे सेंट्रिंगचे टेकू साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला (दोन आधारांमधल्या अंतराला) किमान 7 दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याला 14 दिवस आणि सहा मीटरपर्यंतच्या बीमला 14 दिवस काढायचे नसतात. पीपीसी असेल किंवा थंडी असेल तर त्याहून उशिरा. प्लेटांचे भाडे चढते म्हणून सेंट्रिंगवाला घाई करतो. इंजिनिअरने सांगितल्याशिवाय टेकू हलवू देऊ नका.

सावधान : "आता एवढं केलंच आहे तर" या वाक्याने सर्वांत जास्त पैसे जातात. भिंतीतला एक बदल म्हणजे तोडफोड, पुन्हा वीटकाम, पुन्हा गिलावा आणि वायरिंग. बदल हवाच असेल तर त्याचा खर्च आधी लिहून घ्या, सही करा, आणि मगच काम सुरू करू द्या. तोंडी सांगितलेल्या बदलांचे शेवटी "एक्स्ट्रा" म्हणून जे बिल येते, त्यावरूनच ठेकेदाराशी भांडणे होतात.

टप्पा 8 : वही आणि शेवटचा हिशेब

शंभर पानी वही पुरे. डाव्या पानावर दिलेले पैसे, उजव्या पानावर आलेला माल आणि झालेले काम. रोख दिले तरी सही घ्या. शक्यतो बँकेतून द्या, कर्जाचा पुढचा हप्ता मागताना ते दाखवता येते. दर पंधरा दिवसांनी चौथ्या टप्प्यातल्या अकरा ओळींपुढे झालेला खर्च लिहा. कोणती ओळ फुगते आहे ते तेव्हाच दिसते, आणि दुसऱ्या ओळीतून कापता येते.

काम संपले की ठेकेदाराबरोबर टेप घेऊन सगळे घर मोजा, सह्या केलेल्या नकाशाप्रमाणे. वरच्या टाकीत पाणी भरून एक रात्र ठेवा आणि सकाळी भिंतींवर ओल बघा. गच्चीच्या नाल्या बंद करून पाणी साठवून दोन दिवस ठेवा. संडास-बाथरूमची ट्रॅप भरून बघा. मगच रंगाचा शेवटचा हात आणि त्याचा हप्ता. राखून ठेवलेले 5 टक्के तेवढे पावसाळा संपल्यावर, गच्ची आणि बाहेरच्या भिंती पुन्हा बघून.

भोगवटा किंवा पूर्णत्वाचा दाखला मागून घ्या आणि ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत नव्या घराची नोंद करा. जुन्या कौलारू घराचीच आकारणी चालू राहिली तर पुढे कर्ज बदलताना किंवा वाटणी करताना अडते. वीज मीटरचे नाव आणि पत्ता त्याच आठवड्यात नीट करून घ्या.